ऐकण्याचा भाग

"कॉपीच केलीय त्यानं," विश्वजीत सर दौंडहून फोनवर म्हणाले. "वाचनात जवळजवळ पैकीच्या पैकी आणि ऐकण्यात भोपळा? एकाच पोराचं इंग्रजी असं असतं का? त्याच्या एकट्यामुळं माझे आकडे जुळेनात. विचारा त्याला आणि पेपर बाद करा."

सुलक्षणा मॅडमनी फोन ठेवला. दोन्ही तालुक्यांतल्या कॉलेजांसाठी ही इंग्रजीची चाचणी त्या दोघांनी मिळून तयार केली होती. परीक्षेची आधी परीक्षा घ्यावी, म्हणून शिरूरच्या मुलांना ती सोडवायला दिली होती; गुणांचा ताळा विश्वजीत सर घेत होते. या फेरीत वर आलेली मुलं पुण्यातल्या ऑफिसांत मुलाखतीला जाणार होती.

मल्हारी समोर बसला होता. वडगाव रासाईचा. रात्री सणसवाडीच्या एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर, सकाळी कॉलेजात. वर्गात कायम पहिल्या बाकावर.

"वाचनाची उत्तरं कुणाची बघितलीस?"

"कुणाचीच न्हाई, मॅडम."

त्यांनी एक नवाच उतारा पुढं केला. त्यानं वाचला, सगळी उत्तरं बरोबर दिली. चेहऱ्यावर ना आनंद, ना राग.

मग त्यांनी स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं. दोन मुली लायब्ररीच्या वेळेबद्दल बोलत होत्या. मल्हारी स्पीकरकडं बघत राहिला.

"परत लावू?" त्यांनी त्याच्यापुढं वाकून विचारलं.

"लावा."

बाहेर ट्रकचा आवाज वाढला, म्हणून मॅडम उठून त्याच्या मागची खिडकी लावायला गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "पाणी हवंय का, मल्हारी?" तो बोलला नाही. त्यांनी मोठ्यानं विचारलं. रेकॉर्डिंग कधीचं संपलं होतं आणि मल्हारी अजून स्पीकरकडंच बघत होता.

त्या सावकाश समोर येऊन बसल्या. "कधीपासून?"

त्याची नजर त्यांच्या ओठांवर होती. वर्गातही ती तिथंच असायची, हे त्यांना आत्ता कळलं.

"दिवाळीत उजवा कान गेला. डाव्यात थोडं येतं. तोंड दिसलं की समजतं मला." दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं तो सांगत होता.

"कंपनीत सांगितलंस?"

"न्हाई. आता पर्मनंट करणारेत. कळलं तर घरी बसवतील. तुमीबी कुणाला सांगू नका, मॅडम."

"अरे, पण त्रास होत असेल ना?"

"पहिला व्हायचा. घरी जेवताना पन मशीन डोक्यात चालायचं. आता तेबी बंद झालं."

मॅडम म्हणाल्या, "ऐकण्याचा भाग सोडून तुझे गुण धरता येतील. मुलाखतीला जाशील. पण का सोडला, ते सरांना सांगावं लागेल."

"मग नको."

"मल्हारी, ऑफिसातलं काम आहे. तिथं मशीन नाही."

"मुलाखतीत समोरचा खाली मान घालून बोलला तर?"

तेवढ्यात फोन वाजला. विश्वजीत सरच होते. बोलायला त्या सवयीनं भिंतीकडं वळल्या. मग परत मल्हारीकडं फिरल्या. चेहरा उजेडात आणला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "कॉपी नाही केली, सर. त्या दिवशी आजारी होता. त्याचा पेपर धरू नका."

"झकास!" सर म्हणाले. "आता बघा, चाचणी कशी चोख ठरते ती."

मॅडमनी फोन ठेवला. मल्हारीनं मान हलवली, सॅक खांद्यावर टाकली आणि निघाला.

तो दाराबाहेर पडला तेव्हा त्यांनी न राहवून हाक मारली. तो तसाच जिन्याकडं चालत गेला. त्यांनी दुसरी हाक मारली नाही.