सबटायटल

सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून चिनी राजघराण्याच्या त्या मालिकेतली सबटायटल्स सूनबाई त्यांना रोज मराठीत सांगते. आज राजमातेने भर दरबारात सुनेच्या हातचा चहा जमिनीवर ओतला, तशा सासूबाई सोफ्यावरून अर्ध्या उठल्या.

"मुळूमुळू रडतेस काय, पोरी? चांगलं सुनाव त्या म्हातारीला!"

सूनबाईने घसा खाकरला. "आईसाहेब, सहा वर्षं तुमचे टोमणे ऐकले. माझ्या माहेरचा उद्धार केलात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलीत. आता बास!"

"अश्शी! बरी जिरवली!" सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

मुलाने पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि गुपचूप मोबाइलमध्ये डोकं घातलं.



पडद्यावर खाली इंग्रजीत एवढंच होतं, "चुकले, राजमाता. क्षमा असावी."