दाढेआधीची गोळी

“आजोबा, गोळी घेतली का?” भोरच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टर आरती मॅडमनी विचारलं.

चिमाजीनं कपाळावर हात मारून घेतला. “इसरलो की वं!”

गोळी त्याच्या बंडीच्या खिशातच होती. पुण्यात गुडघा बदलला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दात काढायचा झाला तर आधी ही अँटिबायोटिकची गोळी घ्यायची, नाहीतर तोंडातले जंतू नव्या गुडघ्यात जाऊन बसतील. चिमाजीला हे फार पटलं होतं. गोळी नाही, तर दाढही नाही. शेरडांच्या खुरातले काटे तो चिमट्यानं उपटायचा, पण स्वतःच्या तोंडात चिमटा म्हटलं की त्याला कापरं भरायचं.

“बरं, पुढच्या बाजारी या. तोवर मीही पुण्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवते,” मॅडम म्हणाल्या.

बाहेर येताच त्याची बायको बयाबाई कडाडली. “अवं, शेरडू हरवलं तर डोंगर पालथा घालता, आन् एवढीशी गोळी ध्यानात ऱ्हात न्हाई?” मग तिनं त्याला मिसळ खायला नेलं. बांगड्या भरल्या. वेल्ह्याच्या वरच्या वस्तीवर परतेपर्यंत दिवस कलला.

पुढच्या बाजारी चिमाजी दवाखान्याच्या पायरीवरच थबकला. “अगं, गोळी ऱ्हायली!” बयाबाई एकटीच आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. “पुढल्या बाजारी बोलावलंय. आता तरी ध्यान ठिवा,” म्हणत तिनं उसाच्या रसाच्या दुकानाची वाट धरली. बायकोला बरं बनवलं, या आनंदात चिमाजीनं तिला चपलाही घेऊन दिल्या.

त्यानंतरच्या बाजारी मात्र मॅडम स्वतःच दारात उभ्या होत्या.

“मॅडम, गोळी इसर...”

“कसली गोळी? तुम्हाला साखर नाही, गुडघाही छान बसलाय. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आता गोळीची गरज नाही. मागच्या बाजारीच आजींना सांगितलं होतं. लगेच घेऊन या म्हटलं, तर तुम्ही दोघंही गायब!”

चिमाजीनं वळून पाहिलं. बयाबाई पदराचं टोक चाळवत होती.

“गुडगा बदलल्यापास्नं तुमी वस्ती सोडली न्हाई,” ती पुटपुटली. “मंग म्या तरी कुठं जायाचं? एकदा दाढ निगाली की भोर बी संपलं.”

चिमाजी आत शिरला. गुमान खुर्चीत जाऊन बसला, डोळे गच्च मिटले आणि आ केला. दाढ निघाली. मॅडमनी कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला.

तो दातांखाली धरूनच चिमाजी म्हणाला, “मॅडम, शेजारची बी जरा हलवून बगा. पुढल्या बाजारी येतो आमी.”