पट्टीवरची चाल

बस डेपोतल्या चाचणीच्या पट्टीवर चालण्याआधी ड्रायव्हर हेमलता सुर्वे पट्टीला वाकून नमस्कार करायची, अगदी रोज गाडीच्या स्टिअरिंगला करायची तसाच. पोटऱ्यांना चिकटवलेले सेन्सर चालताना स्नायूंचे संदेश टिपत. डोक्याचा पायांवर नीट ताबा आहे अशी यंत्राची खात्री पटली की हिरवा दिवा लागे आणि घाटाच्या गाडीची किल्ली हातात पडे.

आज लाल दिवा लागला.

ती पट्टीवरच थांबली. मागच्या महिन्यात सावंत ड्रायव्हरांना असाच लाल लागला होता आणि पुढे तो कंपवात निघाला.

"ताई, घाबरू नका," यंत्रावर बसलेला वसीम म्हणाला. "वाकून उठलं की कधी कधी आकडा हलतो. या वेळी नमस्कार न करता चाला बघू."

ती तशीच चालली. हिरवा लागला.

"मग यातलं खरं कुठलं?" तिने विचारलं.

"नियमाने शेवटचं धरतात."

"आणि मी अजून एकदा चालले तर?"

वसीमने तिच्याकडे न बघताच किल्ली पुढे केली. "पॅसेंजर खोळंबलेत, ताई."

ती गाडीत चढून बसली. सवयीने स्टिअरिंगला नमस्कार करायला वाकणार, तोच मध्येच थबकली. तिने खाली पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता. तो तिथे आपणच ठेवला का, हे काही केल्या तिला आठवेना.

मागून कंडक्टरने डबल बेल दिली.