पॅराशूटची घडी

उद्या वडिलांचं हौसेचं छोटं रॉकेट उडवायचं होतं. आठवडाभर वडिलांनी त्याचे पंख घासले, तडे बुजवले, रंगाचा हात दिला. राहिलं पॅराशूट. ते नीट घडी करून नळीत बसवलं तरच वर उघडतं, नाहीतर रॉकेट धोंड्यासारखं आदळतं. वडिलांचे हात हल्ली थरथरायचे, पण घडी तेच घालणार. मदतीचं नाव काढलं की घर डोक्यावर घेणार. म्हणून दरवेळी त्यांचा डोळा लागला की लेक गुपचूप घडी मोडून नव्यानं घालायची, कापड चिकटू नये म्हणून पावडर लावायची. आज तिनं रॉकेटचं टोक काढलं, तर नळी रिकामी. “पॅराशूट खुर्चीवर आहे,” पलंगावरून आवाज आला. वडिलांचे डोळे मिटलेलेच होते. “तेवढंच तुझं मोडायचं काम वाचलं. पावडर बेतानं लाव. गेल्या खेपेला उघडताना पांढरा ढग झाला होता. मी एवढी कधीच लावत नाही.”