शालूबाईंचा भार

"भार पडला पाहिजे. रोज थोडा थोडा, पण चुकवायचा नाही. निजून राहिलं की हाड आतून भुसभुशीत होतं, वाळवीनं खाल्लेल्या वाशासारखं."

सांगलीच्या डॉक्टरांचा हा आवाज विजयमालेच्या कानात बसला होता. पडद्याच्या अलीकडं कंपाउंडर तिच्या पायाचं प्लास्टर कापत होता आणि पलीकडं तिची सासू शालूबाई डॉक्टरांपुढं उभी होती.

बाहेर आल्यावर शालूबाईनं तोंड बारीक केलं. "माजी हाडं गेली म्हनं, पोरी. गुडघ्यात तर कायच उरलं न्हाई. हिंडती ऱ्हायले तर ऱ्हायले, न्हाईतर खाटंवर गेले."

"मी हाय की, आत्याबाई."

"मग शब्द दे, रोज मला हिंडवशील. दुसऱ्या कुनाचा खांदा मी धरायची न्हाई."

विजयमालेनं शब्द दिला. कडब्याच्या गंजीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हा याच बाईनं तिचं न्हाणंधुणं, घाण काढणं सगळं केलं होतं आणि एकदाही नाक मुरडलं नव्हतं. आईच्या मायेला विजयमाला लहानपणीच पारखी झाली होती. आता दुसऱ्यांदा तिला आई घालवायची नव्हती. नवरा जोतीराम लढाईवर, पलटणीत. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "म्हातारीला जप."

देवापुढं दिवा लावून दोघी निघाल्या. पहिल्या दिवशी परसातल्या तुळशीपर्यंतच. शालूबाईनं सुनेच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. पाऊल टेकताना विजयमालेचाही पाय लटपटला, पण स्वतःच्या पायाकडं बघायला तिला सवड कुठली? सगळं ध्यान सासूच्या गुडघ्यांत.

पुढं मारुतीपर्यंत जाणं झालं. खांद्यावर हाताच्या जागी अख्खा दंड आला, मग अर्धं अंगच तिच्यावर रेलू लागलं.

"आत्याबाई, आज लय जड लागतायसा."

"दुखणं जड आसतंय, बाई."

शेजारचा नाथाजी गाडी हाकत जाताना म्हणाला, "शालूवैनी, सुनंला बैल केलासा व्हय?"

"बैल कशाला? भिंत हाय माजी ती. टेकायला."

नदीच्या घाटापर्यंत मजल गेली, तशी शालूबाई म्हणाली, "एवढं येतोय तर म्हादेवाला पानी घालू. पर उचलायचं तुलाच. माज्यानं कुटलं व्हतंय." आधी तांब्या, मग चरवी, मग कळशी. पाणवठ्यावरच्या बायका एकमेकींकडं बघून डोळे मोडायच्या. सासू म्हणावी की कोण, नुकत्या उठलेल्या पोरीच्या डोक्यावर हंडेभांडी आणि वर स्वतःचंही ओझं.

ही कुजबुज तिच्या माहेरी कुंडलला गेली आणि विजयमालेचे वडील, कोंडीबा, बैलगाडी जोडून दारात हजर झाले.

"चल पोरी. दोन म्हैनं गप पडून ऱ्हा म्हायारी. पाय टेकू द्यायचो न्हाई तुला."

शालूबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "न्या की, पावनं," ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. "लेक तुमची हाय."

विजयमाला सासूकडं बघत राहिली. "म्या न्हाई येत, आबा. मी गेले तर ह्या खाटंवर जातील. मग आत्याबाईंचं तोंड बघाय मिळायचं न्हाई."

कोंडीबा भाकरतुकडा खाऊन रिकाम्या गाडीनं परत गेले. शालूबाई मात्र त्या दिवशी देवापुढं बसली ती बराच वेळ उठलीच नाही. सुनेनं दोनदा हाक मारली, तरी डोळ्यांवरचा पदर काढेना.

संक्रांत सरली. एका सकाळी विजयमालेनं काठोकाठ भरलेली तांब्याची घागर डोक्यावर घेतली, खांद्यावर सासूचा भार घेतला आणि कुठंही न थांबता घाट चढून वर आली. शालूबाई खाली मान घालून तिच्या पावलांकडं बघत होती.

"काय बघतायसा?"

"कुटं काय. पैंजण सैल झाल्यात तुजं."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर शालूबाईचं अंथरूण रिकामं. विजयमालेनं गोठा बघितला, परस बघितलं, आडात वाकून बघितलं. कुठं पडली असली तर? एकटीला उठता तरी येईल का? ती तशीच धावत सुटली ती गावाच्या शिवेपर्यंत. नाथाजी गाडी घेऊन समोरून येत होता.

"आत्याबाईस्नी बघितलासा?"

"आत्ता भेटल्या की. बसा गाडीत, म्हटलं, तर न्हाई म्हणाल्या. जोतिबाच्या डोंगराला अनवानी चालत जायाचं बोलल्यात."

"चालत? एवढं लांब? आन् गुडघं?"

"मीबी तेच इचारलं. नुसत्या हसल्या." नाथाजीनं कासरा सैल सोडला. त्याची नजर विजयमालेच्या धुळीनं भरलेल्या पावलांवर गेली. "नवस लवकर फेडाय लागतोय, म्हणाल्या. सून दोन्ही पायांवर चालाय लागली."

विजयमालेनं वर बघितलं. लांब, उसाच्या फडाच्या कडेनं, डोक्यावर शिदोरीचं गाठोडं घेऊन शालूबाई चालली होती. एकटी, ताठ, आणि कुठंही न टेकता झपाझपा.