बिनआवाजाची गाडी

पिकअप

पोतं उडून उसाच्या सरीत पडलं. स्वराजनं गाडी थांबवली, मागे घेतली आणि उतरून पोतं पुन्हा रस्त्याच्या कडेला उभं केलं. भुसा भरून बांबूला बांधलेलं, त्याच्या छातीइतकं उंच.

"बिबट्या हाय का पैलवान?" सोपानराव बांधावरून हसले. "येवढा उंच कुठं असतोय रं?"

"उडी घेताना उंच व्हतोय," गाडीत पुढच्या सीटवर बसलेले तात्याबा म्हणाले.

तात्याबा स्वराजचे आजोबा. ऊस सोपानरावांचा. श्रावणात स्वराजची धाकटी बहीण मोनिका चारा आणायला याच उसाच्या बांधाला आली आणि परत गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती सोपानरावांना सापडली. जेवढी उरली होती तेवढी. पंचनाम्यात बिबट्या लिहिला गेला. वडगाव रासाईत कुणाला नवल वाटलं नाही. आठवड्याला एखादं कुत्रं जातच होतं.

वनखात्यानं पिंजरा लावला. पिंजऱ्यात एक मांजर सापडलं.

मग स्वराजनं ही गाडी आणली. छोटी, लाल, विजेवरची. पेट्रोलच्या गाडीत पाय दाबला की आधी आवाज येतो, मग वेग. हिच्यात वेगच आधी येतो. मान मागे आपटते आणि कडेचा ऊस एक हिरवी भिंत होऊन जातो.

रोजचा वापर

स्वराज कुरकुंभच्या कारखान्यात कामाला होता. सकाळी भीमेचा पूल, मग चौफुल्याला हायवे, पुढे वरवंड. उसाच्या जोड-ट्रॉल्यांमागे सगळे रांगेत रखडायचे. तो जागा दिसली की निघून जायचा. दिवसा कारखान्यातच गाडी चार्जिंगला लावायचा, नाहीतर रात्री घरी गोठ्यातल्या बोर्डावर. स्पीडब्रेकरला खालून घासायची, तेवढी एक खोड.

"कशाला घेतली रं असली घोड्यावानी गाडी?" कारखान्यातला दत्ता विचारायचा. "लगीन ठरलं काय?"

"न्हाई. बिबट्या मारायचाय."

दत्ता हसायचा. स्वराज हसायचा नाही.

आवाज

नाही. हळू चालताना लोकांना कळावं म्हणून कंपनीनं एक बारीक सूर दिला होता. स्वराजनं त्याची वायर काढून टाकली. चाहूल लागता कामा नये.

ब्रेक

बेत सगळ्या गावाला माहीत होता आणि कुणीच तो मोठ्यानं बोलत नव्हतं. गोळी घातली तर जेल. गाडीखाली आला तर अपघात.

सोपानरावांनी शेळी दिली. स्वतःची, दुभती. "मोनी माझ्या पोरीसारखी व्हती," ते म्हणाले. संध्याकाळी ते पत्र्याचा डबा बडवत पलीकडून उसात शिरायचे. जनावर डब्याला भिऊन रस्त्याकडे पळणार, शेळी बघून क्षणभर थांबणार, तेवढ्यात गाडी. असा रोजचा क्रम. जनावर काही निघत नव्हतं.

"आन् मीच मधी आलो तर?" एकदा सोपानरावांनी विचारलं.

"थांबंल की."

"बघू तर. माझ्यावर घाल."

ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. स्वराजनं गाडी सोडली. सोपानरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉनेट त्यांच्या गुडघ्याशी होतं.

"आयला!" त्यांनी बॉनेटवर थाप मारली. कपाळावर घाम होता, पण तोंडभर हसू. "येवढ्यात थांबली? बिबट्याचं काय खरं न्हाई गड्या."

"पाय नुसता उचलला तरी धरती, मामा. ब्रेक लांबच."

त्या दिवसापासून ते गाडीपुढून बिनधास्त जायला लागले.

"पोराचा हात चांगलाय, आबा," ते तात्याबांना म्हणाले.

तात्याबांनी तंबाखू मळली. "व्हय. शिकलाय."

रेंज

पुरते. पण वेळ पुरत नव्हता. सोमवारी ऊसतोडीची टोळी येणार होती. ऊस तुटला की आडोसा गेला. जनावर गेलं आणि सोपानरावांचं संध्याकाळी इकडे येणंही गेलं.

"आज न्हाई तर मग न्हाईच," जेवताना स्वराज म्हणाला.

त्याची आजी, बानूबाई, चुलीपुढे बसली होती. श्रावणापासून ती फार बोलत नव्हती. तिनं भाकरी उलटली. "मग आजच करा. पर धडपणी करा. तडफडत ठिवू नगा."

ही गाडी कुणासाठी

ऊन उतरलं. शेळी कडेला बांधली. पोतं काढून टाकलं. गाडी वळणाआड, बाभळीखाली उभी. स्वराजचे हात स्टिअरिंगवर, शेजारी तात्याबा. दिवे बंद.

पलीकडून डबा वाजायला लागला.

उसात तो हळूहळू जवळ येत गेला. पाचट मोडल्याचा आवाज. पाखरं उठली. शेळीनं कान टवकारले, मग पुन्हा पाला खायला लागली.

डबा अगदी कडेशी आला आणि थांबला. उसातून सोपानराव बाहेर पडले, अंगावरची कुसं झटकत. रस्त्याच्या मधोमध येऊन त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आज बी न्हाई!" ते ओरडले.

तात्याबांनी पुढची काच एकवार हातानं पुसली.

"निघाला," ते म्हणाले.

स्वराजनं पाय दाबला.

सोपानरावांनी गाडी येताना पाहिली. ते हलले नाहीत. हातात डबा होता, तोंडावर हसू होतं. स्वराजनं पाय उचलला नाही.

मग तात्याबा काठी टेकत उतरले. सोपानराव सरीत पडले होते. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. तात्याबा त्यांच्या कानाशी वाकले.

"मोनीची वढणी घावली, सोपान. बिबट्याला गाठ मारता येत न्हाई."