वारेवरची गाठ

पोरीपाठोपाठ वार पडली तशी बसम्मा सुईण हात आखडून मागं सरकली. "अय्यो शिवा! केराबाई, हे बघा काय हाय!"

केराबाईनं नातीला सुपात निजवलं आणि वाकून बघितलं. वारेवर कांद्याएवढी लालकाळी गाठ होती. सुनेचं पोट एवढं मोठं, की बसम्मानं जुळंच सांगितलं होतं. आली ती मूठभर एकच पोर.

"दुसरं लेकरू हेच," बसम्मा पुटपुटली. "पोटातच नासलं. आईचंच कायतरी वंगाळ."

बाळंतीण तानाबाईनं ते ऐकलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

दाराशी बायका ताटकळल्या होत्या. तेवढ्यात केराबाईचा मुलगा सिद्धाप्पा आला. होटगी टेसनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला तो. मालगाडीनं जाऊन सोलापूरहून डॉक्टरीणबाईंना घेऊन आला होता.

बाईंनी आधी बाळंतीण तपासली, मग पोर. शेवटी वार उजेडाला धरली आणि गाठ चिरली. केराबाईनं नजर हटवली नाही. आत ना केस, ना हाड. बकऱ्याच्या काळजासारखं नुसतं लाल, मऊ मांस.

"यात दुसरं मूल नव्हतंच, आजी," बाई म्हणाल्या. "रक्ताच्या शिरांचा गुंता आहे हा. वारेवर कधीकधी अशी गाठ येते. विखारी नाही. पण बाळाचं रक्त हिच्यात फिरत राहिलं, म्हणून पोटात पाणी वाढलं आणि पोर बारीक राहिली. जपा, धरेल बाळसं."

"म्हंजी माज्या सुनंनं कायबी केलं न्हाय?"

"काही म्हणजे काही नाही."

केराबाई तडक दारात गेली.

"दुसरं कुटं हाय गं?" शेजारच्या अंबुबाईनं मान उंचावून विचारलं.

"दुसरं नव्हतंच. योकच हाय, आन् माज्या वळणावर गेलीया!" केराबाईनं आतल्या भिंतीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

मग तिनं पोर जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि सुनेच्या छातीशी दिली. तानाबाई हळूच इकडं वळली. पोरीचं काडीसारखं बोट धरून बघत राहिली.

"आत्याबाई, लई बारकी हाय की वो."

"आसंल की," केराबाई तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत म्हणाली. "आतापतुर वाटून खात व्हती. आता समदं तिचं एकटीचं."